बाकडे, पेटारा आणि वाट

मराठी नाटकाच्या इतिहासात 'दौरा' हा शब्द बहुतेक वेळा उसासा टाकत येतो. शहरात प्रेक्षक पुरेना म्हणून कंपनी गावोगाव हिंडली, राजाश्रय सुटला म्हणून मंडळी रस्त्यावर आली, बसमध्ये पाठी मोडल्या, जागरणाने गळे बसले, असा तो सूर. त्यात खोटे काही नाही. पण त्याखाली एक गृहीत दडलेले असते. नाटक आधी कुठेतरी एका जागी तयार होते आणि मग पोटासाठी त्याला गाडीत घालून हिंडवावे लागते, असे ते गृहीत. मला ते चुकीचे वाटते. चूक निव्वळ इतिहासलेखनातली असती तर तिच्यावर एवढी शाई खर्चायचे कारण नव्हते. पण नाट्यगृहे, महोत्सव आणि अनुदाने यांविषयीचा आपला सगळा सार्वजनिक विचार त्याच गृहीतावर उभा आहे. माझे म्हणणे असे, की छोट्या फिरत्या कंपनीचे नाटक वाटेवरच घडते. पात्रे किती, सामान किती, संहिता लिहिलेली की तोंडी, वेष भरजरी की साधा, खेळ तीन तासांचा की रात्रभराचा, यांतले निम्मे निर्णय लेखक-दिग्दर्शकाच्या आधी प्रवासाने घेतलेले असतात. वाट काढून घेतली तर त्या नाटकाचे कष्ट कमी होतील खरे, पण मागे जे उरेल ते दुसरेच काहीतरी असेल.

सुरुवात भाव्यांपासून करावी लागते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. त्याच्या आदल्या वर्षी सांगलीत काय घडले ते मात्र आपण घाईत ओलांडून जातो. उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी खेळ करत करत सांगलीला पोचली, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांचा खेळ पाहिला आणि असे काही मराठीत करावे असे भाव्यांना सांगितले. म्हणजे मराठी नाटकाच्या बाळंतिणीच्या खोलीत सुईण म्हणून हजर होती ती एक परभाषिक फिरती मंडळी. चिंतामणराव १८५१ साली वारले, दरबाराचा हात आखडला, आणि भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये ते मुंबईत खेळ करत होते. राजाश्रय आणखी वीस वर्षे टिकता तर सांगलीच्या वाड्यात एक उत्तम दरबारी करमणूक होत राहिली असती, मराठी रंगभूमी मात्र झाली असती की नाही याची मला शंका आहे. पुढे १८८० मध्ये तेच पुन्हा घडले. पुण्यात आलेल्या पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनात 'शाकुंतल' आले, आणि ३१ ऑक्टोबरला ते आनंदोद्भव नाट्यगृहात रंगभूमीवर उभे राहिले. दोन मोठी वळणे, आणि दोन्ही वेळा कारण एकच: कुणीतरी परक्या मुलखातून सामान बांधून आले होते. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण मग योगायोग दोनदा मानावा लागेल.

तळकोकणातला दशावतार हे माझ्या म्हणण्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे, म्हणून त्यापाशी जरा जास्त थांबतो. सिंधुदुर्ग आणि त्याला लागलेला गोव्याचा उत्तर भाग इथे तुळशीचे लग्न उरकले की जत्रा सुरू होतात आणि चैत्र-वैशाखापर्यंत एकेका गावाची पाळी येत राहते. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, चेंदवणकर अशी गावांची नावे लावलेल्या कंपन्या हा सगळा हंगाम त्या त्या गावाबाहेर काढतात. कंपनीत माणसे बारा-पंधरा. आज कंपनीपाशी गाडी असते. पूर्वी माणसे पायी जात आणि वेष, दागिने, मुकुट भरलेला पेटारा डोक्यावरून जाई. पेटाऱ्याला कंपनी देवाचा मान देते. रंगमंचावर मात्र काय असते? एक बाकडे आणि त्यावर टाकलेले कापड. तेच इंद्राचे सिंहासन, तेच राणीचा पलंग, तोच कैलास. बाकडे कुठल्याही देवळापाशी मिळते, ते वाहून न्यावे लागत नाही. डोळ्यांत भरायचे जे काही आहे ते सगळे नटाच्या अंगावर रचलेले, कारण अंग स्वतःच्या पायांनी पुढच्या गावी जाते आणि महालाचा रंगवलेला पडदा जात नाही. रंगभूषा ज्याची त्याने करायची. वेगळा रंगभूषाकार म्हणजे पंगतीला आणखी एक पान. संगीताला पेटी, मृदंग, झांज. राजपार्टी करणारा, स्त्रीपार्टी करणारा, संकासुराचे सोंग घेणारा असे वाटे ठरलेले, तरी गरज पडली की एकाने दोन कामे ओढायची.

संहितेचेही असेच. दशावतारात लिहिलेले नाटक नसते. कोणते आख्यान लावायचे हे पुष्कळदा खेळाच्या थोडे आधी ठरते. कंपनीचा प्रमुख कथेचा सांगाडा सांगतो, पात्रे वाटून देतो, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. याला आपण परंपरेची किमया म्हणून हात जोडतो आणि पुढे विचार करायचे थांबतो. विचार केला तर कारणे साधी आहेत. रोज नवे गाव, दिवस प्रवासात आणि झोपेत, तालमीला वेळ शून्य. पण प्रेक्षक मात्र रोज नवा नाही. पंचक्रोशीतल्या जत्रांना जाणारा माणूस पुष्कळसा तोच असतो, आणि परवा शेजारच्या वाडीत पाहिलेले आख्यान आज तसेच पुढ्यात आले तर तो उठून खाजेवाल्याकडे जाईल. तालीम न करता रोज वेगळे काहीतरी, चोखंदळ आणि ओळखीच्या प्रेक्षकापुढे, पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत रंगवायचे, असे कोडे घातले तर उत्तर एकच निघते. कथा अशी घ्यायची की ती सगळ्यांना आधीच ठाऊक असेल, आणि बोलणे असे की ते बोलणाऱ्यालाही आधी ठाऊक नसेल. हे उत्तर कुणा एका नाटककाराने काढलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालून चालून ते सापडले आहे.

इथे कुणी म्हणेल, की हे सगळे गरिबीचे आणि धर्माचे काम आहे, रस्त्याचा संबंध काय? पैसा नाही म्हणून नेपथ्य नाही, देवळात खेळ म्हणून पुराणकथा. आक्षेप वजनदार आहे, पण तो तपासून पाहायची सोय कोकण आणि गोव्यातच आहे. त्याच गावांत, त्याच देवापुढे, तितक्याच बेताच्या ऐपतीत गावकरी स्वतःही नाटक करतात. गोव्यात तर जत्रा-काल्याला गावच्या हौशी मंडळींचे नाटक नसेल तर उत्सव अपुरा वाटतो. हे नाटक कसे असते? छापील पुस्तक आणतात, महिना-दीड महिना तालमी करतात, पडदे आणि पोशाख भाड्याने आणतात, महालाचा पडदा, रस्त्याचा पडदा, बागेचा पडदा असा साग्रसंगीत थाट करतात, आणि नाटक पुष्कळदा ऐतिहासिक किंवा सामाजिक असते. देव तोच, खिसा तोच, प्रेक्षकही तोच. फरक एवढाच, की यांना उद्या सकाळी सामान उचलून पुढच्या गावी जायचे नसते. गरिबी आणि धर्म दोन्हीकडे सारखे असताना घाट इतका वेगळा निघत असेल, तर तो वेगळा करणारी गोष्ट कोणती हे सांगायला फार मोठे तर्कशास्त्र लागत नाही. शिवाय या बिनओझ्याच्या घाटाची ताकद शहरी नाटकानेही ओळखली. १९७२ मध्ये पुण्यात आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मधली माणसांची भिंत, जी पडदा होते, वाडा होते, गर्दी होते, ती कोकणातल्या 'खेळे' या लोकनाट्याच्या वळणाची आहे. १९८० मध्ये ते नाटक युरोपात गेले तेव्हा त्याचे मुख्य नेपथ्य विमानाच्या खुर्च्यांवर बसून गेले.

आता उलट बाजू. संगीत नाटकाच्या बड्या कंपन्यांनी रस्त्याशी तडजोड करायला नकार दिला, असे मी म्हणेन. त्यांचा प्रवास रेल्वेने, मुक्काम एका शहरात काही आठवडे किंवा महिने, गावात कंपनीचे बिऱ्हाड, आचारी, पंगत, तालीममास्तर, शिकायला ठेवलेली पोरे. हुबळी-धारवाडपासून इंदूर-बडोद्यापर्यंत त्यांचा मुलूख पसरलेला. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श १९०८ मध्ये हुबळीत स्थापन झाली. दीनानाथ मंगेशकरांच्या थोरल्या मुलीचा, लतादीदींचा जन्म १९२९ मध्ये इंदूरला झाला. या हिंडण्याने त्यांच्या नाटकालाही आकार दिलाच. मुक्कामात एकच नाटक दाखवून भागत नाही, म्हणून पाच-सहा नाटके कायम बसलेली लागत, आणि त्यासाठी एका नटाला अनेक भूमिका तोंडपाठ लागत. कंपनी शाळेसारखी चाले ती त्यामुळे. चालींमध्ये कानडी, गुजराती, उत्तर हिंदुस्थानी असे सगळे वारे शिरले तेही मुलूखगिरीमुळेच. पण सामानाच्या बाबतीत या कंपन्यांनी रस्त्याचे ऐकले नाही. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या गालिच्यांच्या, अत्तरांच्या आणि अस्सल शालूंच्या कथा आपण अजून चवीने सांगतो. तिच्या डोक्यावरच्या कर्जाच्या कथा त्याच दमात सांगितल्या पाहिजेत. जितके ओझे अधिक तितका मुक्काम लांबवावा लागतो, मुक्काम लांबला की चांगले नाट्यगृह भाड्याने लागते, आणि नाट्यगृह दुसऱ्याच्या मालकीचे असते.

या शेवटच्या गोष्टीनेच घात केला. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि शहरोशहरीच्या थिएटरमालकांना कळले की नटांच्या पन्नास माणसांच्या बिऱ्हाडापेक्षा डब्यात बसणारा चित्रपट बरा. थिएटरे भराभर चित्रगृहे झाली. बोलपटाने प्रेक्षक पळवला असे आपण म्हणतो. मला वाटते, त्याने आधी जागा पळवली. १९१८ मध्ये निघालेली दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी पुढे स्वतःच चित्रपटाच्या धंद्यात उतरली आणि कर्जात रुतली. त्याच वर्षांत कोकणातला बाकड्यावरचा दशावतार मोडला नाही. तो थोर होता म्हणून वाचला असे कुणी म्हणणार नाही; संगीत नाटकाची गायकी त्याच्यापाशी नव्हती. त्याला थिएटर लागत नव्हते, म्हणून कुणी ते हिसकावूनही घेऊ शकले नाही.

पुढचा आक्षेप व्यावसायिक नाटकवाल्यांचा. जड सामान घेऊनही महाराष्ट्रभर फिरता येते हे 'तो मी नव्हेच'ने दाखवले नाही काय? १९६२ पासून प्रभाकर पणशीकरांनी त्या नाटकाचा फिरता रंगमंच गावोगाव नेला आणि हजारो प्रयोग केले. खरे आहे. पण त्या नाटकाचा घाट पाहा. न्यायालयात एकेक साक्षीदार येतो आणि आरोपी लखोबाच्या एकेका सोंगाची गोष्ट उलगडते. प्रसंग झपाट्याने बदलावे लागतात आणि फिरता रंगमंच तेच काम करतो. त्या लाकडी चकतीने आपले भाडे नाटकातच वसूल केले होते. असे ओझे रस्ता सोसतो. जे सोसत नाही ते आपोआप गळते, आणि आज काय काय गळले आहे ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. मालिकांत काम करणाऱ्या नटाला सोमवारी सकाळी सेटवर हजर व्हायचे असते, म्हणून दौरा म्हणजे शनिवार-रविवार; मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, आणि जमले तर आणखी एखादे शहर. माणसे कमी असली तर एक बस पुरते, म्हणून चार-पाच पात्रे. ट्रकचे भाडे परवडत नाही, म्हणून एकच दिवाणखाना, आणि त्यात मावतील तेवढीच माणसांची दुःखे. मराठी नाटक दिवाणखान्यात का अडकले याची समाजशास्त्रीय उत्तरे मी पुष्कळ वाचली आहेत, पण त्यात टेम्पोच्या भाड्याचा उल्लेख क्वचितच आढळला. रस्ता इथेही नाटक घडवतोच आहे. पूर्वी तो लांबचा होता, आता तो द्रुतगती मार्गाच्या दोन टोकांमध्ये आखडला आहे.

लांबचा रस्ता आता कुणाला परवडतच नाही असे मानणाऱ्यांनी एकदा वडशाकडे पाहावे. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज म्हणजे वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे. दिवाळीनंतर धान हाती येते, मंडई भरते आणि होळीच्या आसपासपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावांत रात्रभर नाटके चालतात. कंपन्यांची कार्यालये वडशात असतात, गावची मंडळे तिथे येऊन नाटक ठरवतात, तिकीट गाव विकते, धोकाही गावच घेते. नाट्यगृह नाही, शेतात किंवा मैदानात शामियाना उभारला जातो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ वाचकांनी या रंगभूमीचे नाव पहिल्यांदा ऐकले, ही लाजेची गोष्ट आपण तेव्हा कौतुकाच्या गडबडीत गिळून टाकली. या नाटकांच्या दर्जाविषयी माझी तक्रार आहे. भडकपणा आहे, कथानके पुनःपुन्हा त्याच वळणाने जातात, रेकॉर्डिंग डान्सची भेसळ वाढते आहे. पण तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक तिथे आहे, आणि तो कंपनी दारी आली म्हणून आहे.

सर्वांत अवघड आक्षेप मी मागे ठेवला, कारण त्याला झटपट उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो असा: घरी झोपणाऱ्याने वाटेचे गोडवे गाणे सोपे असते. तमाशाचा फड पाहा. दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडायचे ते उन्हाळ्यापर्यंत. चैत्रातल्या जत्रांआधी नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात, आणि फडमालक जो हिशेब मांडतो त्यात एका पावसाने किंवा एका रद्द झालेल्या जत्रेने खड्डा पडतो. कलावंतांनी हंगामाआधी घेतलेली उचल फिटता फिटत नाही आणि माणूस फडाला बांधला जातो. बायकांना कनातीआड कपडे बदलावे लागतात, शौचाला अंधार पडण्याची वाट पाहावी लागते, आणि खेळात हुल्लड झाली तर पहिला दगड त्यांच्याच दिशेने येतो. यातले बहुसंख्य कलावंत ज्या जातींतून येतात त्यांच्याशी गाव रात्री टाळ्यांनी बोलते आणि सकाळी दुरून. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकीकत आपण कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगतो. मला तो कौतुकाचा सूरच अस्वस्थ करतो. राष्ट्रपतींच्या हातचे मान मिळवलेल्या त्या बाईचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या, आणि नंतर राज्य सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. ज्या समाजाला तिच्या बाळंतपणासाठी एक बंद खोली देता आली नाही, त्याने तिच्या निष्ठेची गाणी गाऊ नयेत.

हे सगळे मान्य करूनही मी म्हणतो, की यातले जवळपास काहीच फिरण्यामुळे झालेले नाही. उचलीचा फास हा कर्जाचा आणि कामगार कायद्याचा प्रश्न आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्याच्या गळ्यातही तोच असतो. हुल्लड हा बंदोबस्ताचा प्रश्न. दुरून बोलणे हा जातीचा प्रश्न, आणि फड गावात कायमचा वसला म्हणून ते जवळून बोलले जाणार नाही. उरतो तो पाण्याचा, शौचालयाचा, बंद दाराच्या खोलीचा प्रश्न, आणि तो सोडवायची विद्या महाराष्ट्राला अवगत नाही असे म्हणता येणार नाही. दर आषाढात लाखो माणसे पायी पंढरपूरला जातात. त्यांच्यासाठी मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असतात, टँकर असतात, फिरती शौचालये असतात, दवाखाने असतात, रस्ते वळवले जातात. ही माणसे हालात चालतात तर त्यांनी घरीच पांडुरंग पाहावा, असे कुणी सुचवत नाही. चालणे हा वारीचा अर्थच आहे हे आपण मानतो, म्हणून चालणाऱ्याची सोय लावतो. मग त्याच देवाच्या, त्याच गावाच्या जत्रेत रात्रभर उभे राहणाऱ्या पंधरा माणसांच्या बाबतीत आपली बुद्धी 'यांना एखादे सभागृह बांधून द्या' यापलीकडे का जात नाही?

सभागृहाविषयी माझा राग नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. ते पुन्हा उभे करायचे ठरले हे योग्यच झाले. पण एक गंमत पाहण्यासारखी आहे. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर, कोल्हापुरात केशवराव भोसले, पार्ल्यात दीनानाथ, सांगलीत आणि वाशीत विष्णुदास भावे: ज्यांचे आयुष्य सामान बांधण्यात गेले त्यांची नावे आपण न हलणाऱ्या भिंतींना दिली. तमाशा, दशावतार, खडीगंमत यांच्या पथकांना राज्य सरकार अनुदान देते, हे नाकारत नाही. पण त्यापलीकडे सरकारी मायेचा मुख्य आविष्कार म्हणजे महोत्सव. दशावताराला शहरात बोलवायचे, तासाभरात आटपायला सांगायचे, आधी कथासार लिहून मागायचे, आणि समोर खुर्च्यांवर अशी माणसे बसवायची की ज्यांना आख्यान ठाऊक नाही. ज्या अटींतून तो घडला त्यातली एकही तिथे नसते. नट जाणते असतात, वेळ मारून नेतात, टाळ्याही मिळतात. त्याचे चित्रीकरण म्हणजे जतन, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि चैत्राच्या जत्रा बुडाल्या तेव्हा चित्रफिती सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होत्याच. कंपन्यांच्या चुली त्यांच्यावर पेटल्या नाहीत.

ध्वनिक्षेपकाचा कायदाही याच खात्यात घालावा लागेल. २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. नियम चांगल्या कारणासाठी आहे. आजारी माणसाची झोप ही कलेपेक्षा लहान गोष्ट नाही. पण तो शहरातल्या मांडवांकडे पाहून केलेला आहे. गावाबाहेरच्या शेतातला शामियाना किंवा डोंगराखालचे देऊळ त्याच मापाने मोजले की रात्रभराचा खेळ एक तर मोडतो किंवा ठाण्यातल्या कुणाच्या मर्जीवर चालतो, आणि मर्जीची किंमत शेवटी कंपनीच्या नाइटमधून वजा होते. वस्तीपासूनचे अंतर आणि आवाजाची मर्यादा घालून वर्षातल्या त्या एका रात्रीला रीतसर परवानगी देता येणार नाही, असे मला वाटत नाही. त्यासाठी नियमात बदल करावा लागेल, आणि तो मागणारी संघटित माणसे नाट्यसंमेलनाच्या व्यासपीठावर बसलेली असतात. पण तिथले ठराव बहुधा नाट्यगृहांच्या भाड्याबद्दल असतात.

दिल्ली-मुंबईची वाट पाहायची नसेल तर देवस्थानच्या समित्यांना आणि ग्रामपंचायतींना एक काम याच वर्षी करता येईल. तुळशीच्या लग्नाच्या आधी जत्रेच्या तयारीची बैठक सगळीकडे बसते. रोषणाई, मांडव, फटाके, पाहुण्यांचे नारळ असे खर्च एकेक करून मांडले जातात आणि मंजूर होतात. त्या यादीत एक ओळ वाढवावी: नाटकवाल्यांसाठी आतून कडी लागणारी एक खोली, दिवा, पाणी आणि शौचालय. शाळेची एक वर्गखोलीही चालेल, जत्रेच्या रात्री ती रिकामीच असते.